हजेरीपटाबाहेरचे काम

न्याय्य काम, कामाच्या ठिकाणची समानता आणि उद्योगाची जबाबदारी हे तीन विषय विद्यापीठांत बहुधा वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात. पहिला अर्थशास्त्राकडे असतो, दुसरा समाजशास्त्राकडे व स्त्री-अभ्यास केंद्राकडे, तिसरा व्यवस्थापनशास्त्राकडे किंवा पर्यावरणशास्त्राकडे. कुरकुंभसारख्या गावात मात्र हे तिन्ही विषय एकाच माणसाच्या दिवसात येतात. ठेकेदाराकडून मिळणारी रोजंदारी, पाळीवर कोणाला कुठले काम मिळते ही गोष्ट आणि गावच्या विहिरीचे पाणी यांची विभागणी तिथे करता येत नाही.

कुरकुंभ हे दौंड तालुक्यातले गाव. पुणे–सोलापूर महामार्ग आणि दौंड–बारामती रस्ता इथे एकमेकांना छेदतात. फिरंगाई देवीचे जुने ठाणे म्हणून परिसरात त्याची ओळख होती. आता ती रासायनिक औद्योगिक वसाहतीमुळे आहे. तालुक्याच्या उत्तर भागात भीमेकाठची बागायत, ऊस आणि गुऱ्हाळे आहेत. कुरकुंभच्या बाजूची जमीन माळरानाची आणि जिरायती आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. पुढच्या दशकांत मुंबई-पुण्याबाहेर वसाहती उभ्या करताना अशा माळांना पसंती मिळाली, कारण जमीन स्वस्त होती आणि रस्ता दारात होता. कुरकुंभला औषधनिर्मितीचे व रसायनांचे कारखाने आले. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावला वाहने, इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती उपकरणांचे कारखाने आले. दौंड शहरात त्याच्या कितीतरी आधीपासून रेल्वेची नोकरी होती. कायम नोकरी, क्वार्टर, पास आणि निवृत्तिवेतन असे त्या नोकरीचे रूप होते, आणि या भागातल्या कुटुंबांनी चांगल्या नोकरीची कल्पना तिच्यावरूनच बांधली. वसाहतीतले काम त्या कल्पनेत बसत नाही, आणि संशोधकाचे काम इथूनच सुरू होते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ मध्ये ‘सन्मान्य काम’ ही संकल्पना मांडली. पुरेसे वेतन, सुरक्षितता, सामाजिक संरक्षण आणि संघटित होऊन बोलण्याचा हक्क या गोष्टी तिच्यात एकत्र धरल्या आहेत. कल्पना चांगली होती, पण मोजायची कशी हे ठरायचे होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या इंटरनेट इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या ‘फेअरवर्क’ प्रकल्पाने ॲपवर चालणाऱ्या कामांसाठी एक पट्टी तयार केली. वेतन, परिस्थिती, करार, व्यवस्थापन आणि प्रतिनिधित्व ही तिची पाच तत्त्वे, आणि एकूण गुण दहा. भारतातले मोजमाप बंगळुरूच्या आयआयआयटीमधील संशोधक करतात. या पट्टीचा खरा उपयोग गुणानुक्रम लावण्यात नाही, रिकामा रकाना दाखवण्यात आहे. २०२२ आणि २०२३ च्या भारतीय अहवालांत प्रतिनिधित्वाच्या रकान्यात एकाही कंपनीला गुण मिळाला नाही. विमा, अपघात-भरपाई, किमान वेतनाची हमी या बाबतींत काही कंपन्या पुढे सरकल्या. कामगारांच्या संघटनेशी बोलायला मात्र कोणी तयार नव्हते. पुण्यात जेवण पोहोचवणारा तरुण आणि कुरकुंभच्या रस्त्यावर पाळी संपवून उभा असलेला कंत्राटी हेल्पर यांचे काम वेगळे असले, तरी या एका मुद्द्यावर दोघांची स्थिती जवळची आहे.

महाराष्ट्रात कामाचे असे मोजमाप नवे नाही. पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्यांनी पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि सामाजिक भाग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. या पाहणीने कारखान्यापासून सुरुवात न करता कुटुंबापासून सुरुवात केली. कारखान्याचा हजेरीपट पाहिला, तर त्यावर नाव असलेलेच मोजले जातात. घर पाहिले, तर मोलकरीण, विडी वळणारी, हमाल, फेरीवाला, सहा महिने रिकामा बसलेला कामगार असे सगळेच मोजावे लागतात. पुढच्या काळातल्या उत्तम श्रम-संशोधनाने हीच वाट धरलेली दिसते.

मुंबईच्या कापडगिरण्यांवरचे संशोधन या बाबतीत सर्वांत समृद्ध आहे. केंब्रिजचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की गिरणी कामगाराचे आयुष्य गिरणीइतकेच वाडीवस्तीत, चाळीत आणि जॉबरच्या ओळखीत घडत होते. जॉबर म्हणजे मुकादम. कामावर घेणे, काढणे, बदली देणे, उधारी मिळवून देणे हे सारे त्याच्या हातात होते. रोज सकाळी फाटकावर उभे राहून काम मिळते का ते पाहणारे बदली कामगार गिरणीच्या खर्चात दिसत, हक्कांच्या यादीत दिसत नसत. याच गिरण्यांत समानतेचा प्रश्न एका धोट्यावर येऊन अडला होता. विणकाम खात्यात कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना सवर्ण कामगार येऊ देत नसत. विणकामाची मजुरी जास्त होती. म्हणजे जातीचा विटाळ थेट वेतनात उतरत होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. कामगारांची एकजूट म्हणजे आपोआप समानता नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

गिरण्या गेल्या, मुकादम गेला नाही. आजच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे नाव लेबर कॉन्ट्रॅक्टर आहे. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीवरून दिसते, की २००० च्या सुमारास संघटित कारखान्यांतल्या पाच कामगारांपैकी साधारण एक कंत्राटी होता. आता पाचांपैकी दोन आहेत. रसायन कारखान्यात हा फरक शिडीसारखा दिसतो. वर केमिस्ट व अभियंते, मधे रिअॅक्टर सांभाळणारे ऑपरेटर, खाली ड्रम हलवणारे, पिंप धुणारे, गाळ काढणारे हेल्पर. धोका खालच्या पायरीवर जास्त आणि प्रशिक्षण तिथेच सर्वांत कमी, ही बाब जगभरच्या औद्योगिक सुरक्षेच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळते. त्याचे कारण हेल्परच्या निष्काळजीपणात शोधणे अन्यायाचे आहे. ठेकेदार बदलला की माणूस बदलतो, आणि कोणत्या झडपेला हात लावायचा नाही हे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांनी कायम कामगाराचेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला तेवढेच वेतन देण्याची अट घातली होती. ‘तेच काम’ कोणते हे ठरवण्यात ती अट बहुतेक वेळा अडकून राहिली.

महाराष्ट्राने याच प्रश्नावर एक वेगळे उत्तर शोधले होते, त्याची इथे नोंद घ्यायला हवी. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी मंडळाकडे ठेवली. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, आणि मंडळ त्यातून मजुरी, भविष्यनिधी, रजा आणि औषधोपचार यांची सोय करते. आज एका गोदामात, उद्या दुसऱ्या गोदामात काम करणाऱ्या माणसाला कायम मालक नसला, तरी कायम हक्क असू शकतात, हे या कायद्याने दाखवून दिले. माथाडीच्या नावाखाली काही औद्योगिक पट्ट्यांत खंडणीच्या तक्रारी झाल्या, हेही खरे. त्यामुळे मूळ रचनेचे महत्त्व कमी होत नाही.

समानतेच्या संशोधनातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे भेदभाव सिद्ध करणे. नोकरी नाकारताना कोणी जात लिहून देत नाही. यावर सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी केलेला प्रयोग आता पाठ्यपुस्तकी झाला आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे थोरात पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे या दोघांनी खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना मिळून ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण व पात्रता जुळती, फरक फक्त नावात. काही आडनावे सवर्ण हिंदू, काही दलित, काही नावे मुस्लिम. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या. जवळजवळ सगळेच गुणवत्तेचे नाव घेत होते, आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ पाहतो असेही सांगत होते. वडील काय करतात या प्रश्नाने जात न विचारता कळते.

हे प्रयोग पदवीधर नोकऱ्यांपुरते होते. वसाहतीतले हेल्परचे काम जाहिरात देऊन भरले जात नाही. ते ओळखीने भरते. ठेकेदाराचे गाव, त्याचे पाहुणे, आधी लागलेला भाऊ यांतून माणसे येतात. तिथे अर्ज पाठवून भेदभाव मोजता येणार नाही. कोण कोणामुळे कामाला लागला याची साखळी घरोघर जाऊन लिहावी लागेल. त्यातच ‘स्थानिकांना प्राधान्य’ हा प्रश्न येतो. ज्याची जमीन वसाहतीत गेली त्याच्या मुलाला कारखान्यात काम मिळावे, ही मागणी न्यायाचीच आहे. बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराला कमी मजुरीत, ठेकेदाराच्या खोलीत आठ-आठ जणांत ठेवणे हा त्या मागणीचा निकाल असता कामा नये. दोघांचे हक्क एकमेकांविरुद्ध उभे करण्यात फायदा ठेकेदाराचा होतो.

स्त्रियांच्या बाबतीत कायद्याची सुरुवात बरी झाली. १९७६ चा समान वेतन कायदा झाला आणि त्याचा कस मुंबईतल्याच एका खटल्यात लागला. मॅकिनन मॅकेंझी कंपनीतल्या ऑड्रे डिकॉस्टा यांनी पुरुष लघुलेखकांइतके वेतन मागितले. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल दिला, की संघटनेशी केलेला करार किंवा कंपनीची आर्थिक अडचण हे असमान वेतनाचे समर्थन ठरू शकत नाही. पण समान वेतनासाठी आधी तेच काम मिळावे लागते. कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीची मनाई होती. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने सुरक्षेच्या अटींसह ती सैल केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनीही स्त्रीच्या संमतीने रात्रीच्या कामाला वाट दिली आहे. कायदा मोकळा झाला तरी रासायनिक प्रक्रिया चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यांत उत्पादनाच्या मजल्यावर स्त्रिया थोड्या असतात. त्या प्रयोगशाळेत, पॅकिंगमध्ये, साफसफाईत आणि कँटीनमध्ये दिसतात. देशातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या तामिळनाडूत आहेत. त्यामागे तिथल्या वस्त्रोद्योगाचा वाटा मोठा आहे. पण वसतिगृह, वाहतूक आणि वस्तीजवळचा कारखाना या साध्या गोष्टींचाही आहे. पुण्याजवळच्या वसाहतींनी हे गांभीर्याने घ्यायला हवे. शेवटची एसटी चुकली की घरी कसे जायचे, हा प्रश्न वेतनश्रेणीआधी येतो.

पॅकिंगचे काम सुरक्षित असते, हा समजही तपासायला हवा. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे एका रसायन कंपनीच्या आवारात आग लागून सतरा कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या उत्पादनाच्या नाही, पॅकिंगच्या भागात काम करत होत्या.

दौंड-शिरूरच्या पट्ट्यात या विषयाचे दुसरे टोक उसाच्या फडात आहे, आणि ते वसाहतीतल्या कोणत्याही प्रश्नाहून जास्त वेदनेचे आहे. पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा अशा सहकारी कारखान्यांनी या भागातल्या शेतकऱ्याला उभे केले. सहकारी साखर कारखान्याच्या कल्पनेला बळ देणारे गाडगीळच होते. प्रवरानगरच्या कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष. ऊस पिकवणारा कारखान्याचा मालक झाला. ऊस तोडणारा मात्र त्या सहकाराच्या बाहेरच राहिला. बीड, नगर, जालना भागांतून येणाऱ्या टोळ्यांची मजुरी ‘कोयत्या’वर ठरते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात मिळते. एक दिवस काम चुकले की खाडा धरून पैसे कापले जातात. म्हणजे हिशेबाच्या वहीत स्त्री स्वतंत्र कामगार म्हणून उभीच राहत नाही. समान वेतनाचा कायदा तिथे काय करणार? तुलना करायला तिचे वेगळे वेतनच नाही.

डच संशोधक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात दक्षिण गुजरातमधल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून जाणाऱ्या तोडणी मजुरांचा अभ्यास केला आणि सहकाराच्या यशामागे हा बिनहिशेबी श्रम कसा दडला आहे हे १९७८ मध्ये मांडले. महाराष्ट्रात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे यायला आणखी चार दशके लागली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सुमारे सतरा टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या स्त्रियांत देशाचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांचे गट तंतोतंत सारखे नाहीत. फरक मात्र एवढा आहे की त्याचे कारण कामाच्या पद्धतीत शोधावेच लागते. फडात शौचालय नाही, मासिक पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, आणि खाडा परवडत नाही.

संशोधनाने परिस्थिती बदलते का, या प्रश्नाला पुण्यानेच एक ठोस उत्तर दिले आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातले काम १९९० च्या सुमारास कचरावेचक स्त्रियांपर्यंत पोहोचले. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांच्या सहभागातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे या अभ्यासकांनी एक हिशेब मांडला: कचरा वेचणाऱ्या स्त्रिया किती माल वेगळा करतात, आणि त्यामुळे कचरा वाहून नेण्याचा महापालिकेचा किती खर्च वाचतो. आजवर दयेचा विषय असलेले काम या हिशेबाने शहराच्या सेवेचा भाग ठरले. ओळखपत्रे मिळाली, महापालिकेच्या पैशातून आरोग्य विमा मिळाला, आणि नंतर ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करू लागली. इथे विद्यापीठाने अहवाल लिहून कपाटात ठेवला नाही. ज्यांचे काम मोजले त्यांच्याच हातात तो आकडा दिला.

उद्योगाच्या जबाबदारीचा आधुनिक कायदा भोपाळच्या राखेतून आला. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. कामगार आणि व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती, कामगाराला स्वतःच्या आरोग्य-नोंदी पाहण्याचा हक्क, आणि जीवाला तातडीचा धोका दिसला तर तो मांडण्याचा हक्क त्यात होता. त्यातले कलम ४१-ब कुरकुंभसाठी विशेष महत्त्वाचे होते. कारखान्यातल्या धोक्यांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही देणे त्याने बंधनकारक केले.

त्याची गरज ऑगस्ट २०१९ मध्ये दिसली. वसाहतीतल्या एका रसायन कारखान्याला रात्री आग लागली आणि शेजारच्या वस्त्यांतल्या लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. कोणत्या दिशेला जायचे हे रसायनावर आणि वाऱ्यावर अवलंबून असते. हे ज्ञान फाटकाच्या आत राहिले तर रस्त्यावरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. पांढरेवाडीसारख्या लगतच्या गावांतून विहिरींच्या पाण्याबद्दल आणि वासाबद्दल तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. वसाहतीत सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, आणि जिल्ह्यातल्या घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी रांजणगावला केंद्र आहे. अशा व्यवस्थेचा दुबळा दुवा बहुधा केंद्रापर्यंत पोहोचण्याआधीच्या टप्प्यात असतो: टँकर कुठे रिकामा झाला, पावसाळ्यात ओढ्यात काय सोडले गेले. रोजच्या चाचणीचा आकडा तेवढे सांगत नाही.

कंपन्यांचे स्वतःचे अहवाल यात किती मदत करतात, यावर एमआयटीचे रिचर्ड लॉक यांचे काम वाचण्यासारखे आहे. नायकीला माल पुरवणाऱ्या ५१ देशांतल्या आठशेहून अधिक कारखान्यांच्या तपासण्यांच्या नोंदी त्यांना मिळाल्या. नुसत्या तपासण्यांनी परिस्थिती फारशी सुधारली नव्हती. जिथे खरेदीदार दीर्घकाळ एकाच कारखान्याशी जोडलेला होता आणि उत्पादनाची पद्धत सुधारायला मदत करत होता, तिथे फरक पडला. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या, हार्वर्डच्या जॉन रगी यांनी तयार केलेल्या तत्त्वांनी याहून पुढची अपेक्षा मांडली: कंपनीची जबाबदारी तिच्या पुरवठा-साखळीतल्या माणसांपर्यंत जाते. भारतात सेबीने २०२२–२३ पासून बाजारमूल्याने मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यात कायम व इतर कामगारांची संख्या, स्त्रियांचे प्रमाण, अपघात आणि लैंगिक छळाच्या तक्रारी वेगवेगळ्या द्याव्या लागतात. कुरकुंभमध्ये कारखाना असलेल्या काही कंपन्या या यादीत येतात. मात्र अहवाल संपूर्ण कंपनीचा असतो, एका कारखान्याचा नाही. कुरकुंभचा आकडा देशभरच्या आकड्यात मिसळून जातो.

म्हणून इथल्या महाविद्यालयातल्या किंवा पुणे विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला कंपनीच्या परवानगीची वाट पाहण्याआधी बरेच काम करता येते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला दिलेली संमतीपत्रे खुली असतात. कोणते उत्पादन, किती सांडपाणी, त्याचे काय करायचे, हे त्यांत लिहिलेले असते. ठेकेदारांच्या परवान्यांची आणि अपघातांच्या चौकशीची माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी. कंत्राटी साफसफाई कामगार स्त्रीला ती समिती कोणाची आहे हे ठाऊक आहे का, हे तिच्याच वस्तीत जाऊन विचारता येते. ग्रामपंचायतीकडे कलम ४१-ब प्रमाणे कोणता कागद आला, कधी आला आणि तो कोणत्या भाषेत होता, हे पाहायला एक सकाळ पुरते.

भाड्याच्या खोल्यांत उतरलेले मजूर, फडाजवळच्या कोप्यांत सहा महिने राहणाऱ्या टोळ्या आणि वसाहतीत रोज ये-जा करणाऱ्या स्त्रिया यांची मोजणी जिल्हा प्रशासनाच्या आपत्कालीन आराखड्यासाठीही लागते. रासायनिक अपघातांविषयीच्या १९८९ आणि १९९६ च्या नियमांनुसार कारखान्याच्या आतली योजना कारखान्याने करायची असते आणि बाहेरची जिल्ह्याने. बाहेरच्या योजनेत माणसे मोजताना मतदारयादी वापरली, तर हे सगळे लोक तिच्यात येत नाहीत.